जुनी जॅझ रेकॉर्ड कशी वाचायची

या भागात संगीताबद्दल थोडं कमी आणि प्लास्टिकबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. प्रश्न साधा आहे. जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानात किंवा कुणाच्या माळ्यावर जॅझची जुनी लाँग प्ले रेकॉर्ड हाती लागली, तर ती घ्यावी का, आणि घ्यायची तर किती पैसे मोजावेत? व्हिडिओत मी तबकडी दिव्याखाली तिरकी धरून दाखवली होती. पुस्तकात ती सोय नाही, म्हणून इथे जरा तपशिलात जातो.

मी मूळचा नागपूरचा. बँकेच्या नोकरीत कोलकात्याला बदली झाली आणि इथेच मुरलो. पार्क स्ट्रीटला लागून फ्री स्कूल स्ट्रीट आहे, आता पाटीवर मिर्झा गालिब स्ट्रीट असं नाव आहे. तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत माझे बरेच शनिवार गेले. मुंबईकरांना चोरबाजारातली मटन स्ट्रीट माहीत असेल, पुणेकरांना बुधवार-रविवारचा जुना बाजार, दिल्लीकरांना जामा मशिदीच्या आसपासची दुकानं. सगळीकडे पद्धत एकच: ढीग, धूळ, आणि दुकानदाराची तुमच्या चेहऱ्यावरची नजर. एखादी रेकॉर्ड पाहून तुमच्या भुवया वर गेल्या की किंमतही वर जाते. तेव्हा पहिला नियम, चेहरा कोरा ठेवा.

आता तबकडीकडे वळू. रेकॉर्ड कव्हरमधून काढताना बोटं कडेला आणि मधल्या लेबलाला लागू द्या, खाचांना नको. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सगळ्याच रेकॉर्ड नव्या दिसतात. उन्हात या, नाहीतर मोबाइलचा टॉर्च लावा आणि तबकडी तिरकी करून हळूहळू फिरवा. तीन गोष्टी दिसतील. केसासारख्या बारीक रेघा कागदी पाकिटात आत-बाहेर केल्यानं पडतात आणि बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. दुसरे ओरखडे. त्यावरून बोटाचं टोक अलगद फिरवा. बोटाला लागला तर सुईलाही लागणार. ३३⅓ वेगानं फिरणारी तबकडी एका फेरीला १.८ सेकंद घेते, म्हणजे आडवा ओरखडा दर १.८ सेकंदाला एकदा 'टिक' करणार. वीस मिनिटांची बाजू साधारण साडेआठ सेंटीमीटर रुंदीत बसवलेली असते. तेव्हा सेंटीमीटरभर लांबीचा ओरखडा म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटं घड्याळ ऐकायचं. रॉकच्या रेकॉर्डमध्ये ते खपून जातं. जॅझमध्ये बास वाजवणारा एकटाच हळू काहीतरी सांगत असतो, ढोलकरी नुसता ब्रश फिरवत असतो, आणि नेमकी तिथे टिकटिक. फार त्रास होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी: झीज. आपल्याकडे रेकॉर्ड ऐकल्या गेल्या त्या रेडिओग्रामवर आणि फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरवर. त्यांच्या सुईचा भार आजच्या टर्नटेबलच्या कितीतरी पट, आणि सुई कधी बदलायची असते हे घरात कुणाला ठाऊक नसे. अशी रेकॉर्ड ओरखड्याविना असू शकते, पण खाचांच्या भिंती घासलेल्या असतात. नव्या तबकडीवर उजेड पडला की काळ्या रेशमासारखी झळक येते. घासलेली तबकडी करडी, मलूल दिसते. वाजवली की शांत जागा ठीक असतात, पण ट्रम्पेट वर चढला की आवाज फाटतो, आणि बाजूच्या शेवटी जास्त फाटतो. त्याचं कारण भूमितीत आहे. तबकडीचा फिरण्याचा वेग तोच राहतो, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २० ते २२. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. म्हणून दुकानात वाजवून बघायची सोय असेल तर पहिलं गाणं लावू नका. शेवटचं लावा.

विक्रेते इंटरनेटवर जी श्रेणी लिहितात तिचाही अर्थ कळला पाहिजे. ही पद्धत गोल्डमाइन नावाच्या अमेरिकन मासिकानं रूढ केली. मिंट म्हणजे करकरीत नवी, नियर मिंट म्हणजे जवळजवळ तशी, मग व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, पुअर. लग्नाच्या जाहिरातीत 'स्वभावाने शांत' याचा अर्थ जसा घरातल्या मोठ्यांना कळतो, तसं इथे आहे. 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर आहे, पण संगीत त्यावर मात करतं. 'गुड' म्हणजे अजिबात गुड नाही. बाजारात जॅझसाठी मी 'व्हेरी गुड प्लस'च्या खाली सहसा उतरत नाही. अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

तबकडी बरी निघाली. आता ती कोणत्या छापाची आहे? इथे जॅझचा संग्रह करणारे लोक जरा वेडे होतात, आणि त्या वेडात थोडं तथ्यही आहे. रेकॉर्ड बनते कशी, ते आधी बघा. स्टुडिओतल्या टेपवरून मऊ लाखेरी लेप दिलेल्या चकतीवर खाच कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्याच्यावरून सुलटा, त्याच्यावरून पुन्हा उलटे साचे, आणि या शेवटच्या साच्यांत गरम व्हिनाइल दाबून तबकड्या निघतात. एक साचा साधारण हजारभर तबकड्या काढतो आणि थकतो. टेपही दर वर्षी म्हातारी होत जाते. म्हणून १९५८ साली ताज्या टेपवरून, ज्यानं रेकॉर्डिंग केलं त्याच माणसानं कोरलेली चकती आणि १९७५ साली टेपच्या नकलेच्या नकलेवरून तिसऱ्याच कुणी कोरलेली चकती, यांत फरक पडतो. ऐकू येईल इतका पडतो.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण ब्लू नोट कंपनीचं. बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेल्या अल्फ्रेड लायननं ही कंपनी १९३९ साली काढली. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ हिटलरच्या जर्मनीतून निसटून त्याच वर्षी येऊन मिळाला. लायन रेकॉर्डिंग करून घ्यायचा, वुल्फ फोटो काढायचा. पुढे रीड माइल्स नावाच्या चित्रकारानं त्या फोटोंची कव्हरं केली, ती आज भिंतीवर लावतात. आणि आवाज टिपायचा रुडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी, आईवडिलांच्या दिवाणखान्यात, जगातलं उत्तम जॅझ रेकॉर्ड करायचा. १९५९ साली त्यानं जवळच इंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला तेव्हा कुठे चष्मे सुटले. कंपनी लहान. पण वादकांना तालमीचे पैसे देणारी, आणि ही गोष्ट त्या धंद्यात दुर्मीळ होती.

लहान कंपनी म्हणून छापही थोडेच निघत, आणि कंपनीचं कार्यालय हललं की लेबलावरचा पत्ता बदलत असे. सुरुवातीच्या लाँग प्लेंवर '७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू', १९५७पासून '४७ वेस्ट ६३', मग नुसतं 'न्यूयॉर्क, यूएसए'. १९६६ साली कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली गेली आणि लेबलावर लिबर्टीचं नाव येऊ लागलं. म्हणजे पत्ता वाचला की वय कळलं? नाही ना. छापून ठेवलेली जुनी लेबलं कुणी फेकून देत नाही, किराणा दुकानदार जुन्या नावाच्या पिशव्या संपवतो तसं चालतं. हँक मोबली या सॅक्सोफोनवादकाची १५६८ क्रमांकाची रेकॉर्ड आहे, १९५७ची. जॅझमधल्या सर्वांत महाग रेकॉर्डपैकी एक, किंमत हजारो डॉलरमध्ये. तिच्या सर्वांत आधीच्या प्रतींच्या दोन बाजूंना पत्ता दोन तऱ्हांनी छापलेला आहे, कारण त्या दिवशी कारखान्यात एका लेबलाची थप्पी संपली असणार आणि दुसरी उघडली असणार. आज लोक त्या थप्पीसाठी मोटारसायकलीची किंमत मोजतात.

म्हणून लेबलावर थांबायचं नाही. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये एक गुळगुळीत, कोरी पट्टी असते. तिला डेड वॅक्स म्हणतात. टॉर्च तिथे मारा. ती पट्टी खोटं बोलत नाही, कारण तिच्यावरच्या खुणा साच्यातूनच आलेल्या असतात. तिथे क्रमांक दिसेल. 'आरव्हीजी' ही अक्षरं किंवा 'व्हॅन गेल्डर' असा शिक्का दिसला, तर चकती खुद्द रुडीनं कोरलेली आहे. आणि एखाद्या लहान मुलानं काढलेल्या कानासारखी खूण दिसली, तर ती प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्याची. मुळात ते वळणदार इंग्रजी पी अक्षर आहे, पण सगळे तिला कानच म्हणतात. ब्लू नोटच्या तबकड्या लिबर्टीच्या आधी याच कारखान्यात दाबल्या जात. लिबर्टीनं कारखाना बदलला, पण शिल्लक राहिलेली 'न्यूयॉर्क, यूएसए' लेबलं वापरून टाकली. तेव्हा लेबल जुनं आणि कान नाही, तर ती १९६६नंतरची. रुडीचा शिक्का आहे, कान नाही, तरीही आवाज उत्तमच असू शकतो, कारण साचा त्याच चकतीचा आहे. फक्त संग्राहक कमी पैसे देतात. तुम्ही ऐकण्यासाठी घेत असाल तर नेमकी हीच प्रत शोधा.

पहिल्या छापाच्या वेडावर उतारा म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही १९५९ची रेकॉर्ड जॅझ न ऐकणाऱ्यांच्या घरीही असते. तिचं रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल. मार्चच्या दिवशी स्टुडिओतलं एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, आणि चकती कोरली गेली ती त्याच टेपवरून. हळू भरलेली टेप बरोबर वेगानं वाजवली की आवाज वर सरकतो. त्यामुळे पहिली अख्खी बाजू, तीन रचना, किंचित चढ्या स्वरात जगभर गेल्या. हार्मोनियम जुळवून सोबत वाजवायला बसलं की सा जुळत नाही. दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ही चूक दुरुस्त झाली ती १९९२ साली. म्हणजे सहा डोळ्यांच्या चित्रांचं जुनं कोलंबिया लेबल असलेली, लोक ज्यासाठी जीव टाकतात ती प्रत बेसूर आहे, आणि नंतरची स्वस्त प्रत सुरात. तरी महाग कोणती? बेसूर.

मोनो आणि स्टिरिओबद्दल थोडक्यात. स्टिरिओ लाँग प्ले बाजारात आल्या १९५८च्या सुमारास, आणि पुढे दहाएक वर्षं कंपन्या दोन्ही काढत होत्या. पन्नाशीच्या दशकातलं जॅझ मोनोत घ्यायला मी कधीच कचरत नाही. टाळायची ती एकच गोष्ट: कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ' असं काही लिहिलं असेल तर. ते मोनोच असतं, पातळ आवाज एका बाजूला आणि जाड दुसऱ्या बाजूला ढकलून केलेलं सोंग. चांगल्या डाळीत पाणी घालून दोन वाट्या केल्यासारखं.

आता आपल्याकडे ही माया आली कुठून? जॅझच्या रेकॉर्ड कोलकाता, मुंबई, गोव्यातच जास्त का सापडतात? एक मजेदार धागा असा की व्हिनाइलच्या आधीच्या ७८च्या रेकॉर्ड शेलॅकच्या असत, आणि शेलॅक म्हणजे लाख. जगभरच्या रेकॉर्डना लागणारी लाख प्रामुख्यानं आपल्या देशातून, छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून, कोलकाता बंदरातून जायची. न्यूयॉर्कच्या दुकानातल्या लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डमध्ये पळसाच्या फांदीवरचे किडे होते म्हणा ना. पुढे दमदमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना झाला, आणि तिथे परदेशी संगीतही दाबलं जाऊ लागलं. 'मेड इन इंडिया' वाचून नाक मुरडू नका. कव्हरचा पुठ्ठा लेचापेचा असतो, खरखर कधी असते कधी नसते, पण किंमत परदेशी प्रतीच्या मानानं नगण्य असते.

आणि वाजवणारे होतेच की. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे बँड येऊन राहिले. त्यांतला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पुढे कोलकात्यात स्थिरावला, इथे त्यानं रेकॉर्डही केल्या, आणि १९४५ साली इथेच कॉलऱ्यानं गेला. त्यांच्या बाजूला बसून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले, त्यामुळे हाताखालचं काम लगेच मिळालं आणि मग वरचंही. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग झाले. आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी त्यांना सिनेमात आणलं. भगवानदादांचा १९५१चा 'अलबेला' बघा. पडद्यावर बँड घेऊन चिक चॉकलेट स्वतः उभे आहेत. मराठी घरांत ज्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत नाच झाले, त्यात हळदोण्याचा ट्रम्पेट होता.

पण 'अलबेला'ची ७८ची रेकॉर्ड हातात घ्या आणि लेबल वाचा. सिनेमा, गायक, संगीतकार. ट्रम्पेट कुणाचा, काही नाही. याउलट ब्लू नोटचं कोणतंही कव्हर उलटा. पुढाऱ्यापासून बास वाजवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं नाव, वाद्यासकट. मला हा फरक दरवेळी बोचतो. आपल्याकडच्या हॉटेलांत, क्लबांत, स्टुडिओत तीस-चाळीस वर्षं जे जॅझ वाजलं, त्यातलं फार थोडं रेकॉर्ड झालं, आणि जे झालं त्यावर बहुतेकांची नावं नाहीत. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी सतारवादक रईस खान यांना घेऊन 'रागा जॅझ स्टाइल' काढली. तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग आणि सोबत जॅझचा ताफा. ही रेकॉर्ड आजही अधूनमधून बाजारात येते. मुंबईत जन्मलेले, गोवन घरातले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांनी लंडनला जाऊन १९६९मध्ये 'इंटिग्रेशन' आणि जो हॅरिअटबरोबर 'हम दोनो' केल्या. त्यांच्या मूळ प्रती आता सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. बाकी सगळं विखुरलेलं आहे: ४५च्या छोट्या तबकड्या, तडे गेलेल्या ७८, आणि वारसांना नको असलेली खोकी.

अशाच एका खोक्यासाठी काही वर्षांपूर्वी मला रिपन स्ट्रीटवरच्या एका घरी बोलावलं होतं. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान मूळचे बारदेशातले, पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत बास वाजवायचे. मुलगा ऑस्ट्रेलियात, फ्लॅट सोडायचा होता. आंटी म्हणाल्या, दोनशे रुपयाला एक, कुठलीही घ्या. शंभरेक रेकॉर्ड होत्या, बहुतेक घासलेल्या, कारण वादकाच्या घरी रेकॉर्ड ऐकत नाहीत, तेच चार सूर बसेपर्यंत सुई पुन्हा पुन्हा ठेवतात. त्यांत ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' निघाली. 'न्यूयॉर्क, यूएसए' लेबल. टॉर्च मारला. रुडीचा शिक्का होता. कानही होता. आणि ही घासलेली नव्हती.

असा प्रसंग जुन्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकावर येतो, म्हणून सांगतो. रस्त्यावरच्या दुकानदाराशी घासाघीस करणं वेगळं, तो धंदा करतो आणि सोमवारी त्याच्या लक्षात आलं तर शनिवारी माझ्याकडून वसूल करतो. घर मोडणाऱ्या माणसाकडून घेताना तुम्हाला माहीत आहे आणि समोरच्याला नाही, असा व्यवहार करायचा नाही, हा माझा नियम आहे. मी त्यांना ती बाजूला काढायला सांगितली आणि परदेशात तिला काय मिळतं ते दाखवलं. त्यांच्या मुलानं ती विकली. मला ती मिळाली नाही, अजून मिळालेली नाही.

मी घेतल्या त्यांत एक ४५ची छोटी रेकॉर्ड होती, कोलकात्यात काढलेली. लेबलावर गायिकेचं नाव आणि खाली 'वाद्यवृंद' एवढंच. वाजवायला जेमतेम. पण लेबलाच्या कोऱ्या जागेवर निळ्या बॉलपेननं पाच नावं लिहिलेली, प्रत्येकापुढे वाद्य, आणि खाली तारीख. यजमानांचं अक्षर, आंटी म्हणाल्या. आता श्रेणीच्या नियमानं लेबलावर पेनानं लिहिलेलं असणं हा दोष आहे, त्यासाठी किंमत कापतात. विक्रेते तो रबरानं घासून घालवायचा प्रयत्नही करतात. या तबकडीवर कोण वाजवतंय हे सांगणारा दुसरा कागद मला आजवर कुठे सापडलेला नाही. तेव्हा मघाशी म्हटलेला अपवाद हा. भारतात रेकॉर्ड केलेलं जॅझ दिसलं तर श्रेणी बघू नका. तडा गेलेलं असलं तरी घ्या. लेबलाचे, कव्हरच्या दोन्ही बाजूंचे आणि कोऱ्या पट्टीचे फोटो काढा. एकदा वाजवून त्याची डिजिटल नक्कल करून ठेवा, आणि विकणाऱ्याला विचारा, कुणाच्या घरातून आलं. बहुतेक दुकानदार सांगतात. 'दादा, इलियट रोडचा माल आहे', एवढं कळलं तरी शोध सुरू होतो.

घरी आणल्यावर काय करायचं, तेही सांगतो. व्हिनाइल डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. बॅटरीच्या दुकानात स्वस्त मिळतं. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, मग नुसत्या पाण्यानं पुन्हा. लेबल कोरडं ठेवा. काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, व्हिनाइलला ते चालतं. ७८च्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते. त्या तबकड्यांना सुईही वेगळी, तिप्पट-चौपट जाड लागते. लाँग प्लेची सुई त्यावर ठेवलीत तर सुईही जाते.

पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, इथे बंगालमध्ये रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते. तबकडीवरची बहुधा धुतल्यावर जाते, कव्हरवरची पूर्ण जात नाही. जुनी आतली कागदी पाकिटं फेकून नवी घाला, कारण बुरशी तिथेच दडते. त्यावर यजमानांनी काही लिहिलं नसेल याची खात्री करून मगच फेका. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, एकीवर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. भिंतीला चिकटवून नको, ओल येते. आणि मे महिन्यात जुन्या बाजारातून घेतलेली रेकॉर्ड बंद गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून जेवायला जाऊ नका, परत येईपर्यंत तिची पापडी झालेली असेल.

सुरुवात कशानं करावी असं विचाराल तर महागड्या नावांच्या मागे लागू नका. डेव्ह ब्रुबेक १९५८ साली अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला होता, मुंबईत अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर बसून वाजवलं होतं, आणि परत जाऊन त्यानं 'जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया' केली. तिच्यात 'कलकत्ता ब्लूज' नावाची रचना आहे. ड्युक एलिंग्टन १९६३मध्ये येऊन गेला, त्या दौऱ्यातून 'फार ईस्ट स्वीट' निघाली. ब्लू नोटच्या मानानं या दोन्ही बऱ्याच स्वस्त आहेत आणि दुकानात अधूनमधून येतात. ब्रुबेकची घ्याल तेव्हा दुसऱ्या बाजूचा शेवट आधी वाजवून बघा. 'कलकत्ता ब्लूज' तिथेच आहे.